कंट्रोल, ऑल्ट आणि के

१

नवं मशीन माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा साहेब असे हसत उभे होते, जणू त्यांनी ते घरी बसून स्वतःच्या हातांनी घडवलं होतं. "बघा ताई, आता कामं कशी पटापट होतात!"

मी बघितलं. वर्षानुवर्षं एकेक करून बसवलेले माझे सगळे शॉर्टकट जुन्या मशीनबरोबर गेले होते.

ज्याला हे काम करावं लागत नाही, त्याला यात डोक्याला हात लावण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. आमचं ऑफिस घरगुती उपकरणांबरोबर मिळणाऱ्या माहिती-पुस्तिका तयार करतं. मिक्सर, इस्त्री, पंखा, हीटर. मजकूर मी लिहिते. पुस्तिकेत इशाऱ्यांचा नुसता पाऊस असतो. ओल्या हातांनी बटण लावू नका. पातं फिरत असताना झाकण उघडू नका. इस्त्री पाण्यात बुडवू नका. आता इस्त्री पाण्यात कोण बुडवतं? पण लिहावं लागतं. आणि प्रत्येक इशारा लाल कडेच्या चौकटीत, कोपऱ्यात त्रिकोण, अक्षर जाड. ती चौकट माउसने आणायची म्हणजे मेन्यूत शिरा, खाली उतरा, उजवीकडे सरका, आणि हात जरा घसरला की पुन्हा पहिल्यापासून. या माउसपायी माझं उजवं मनगट कामातून गेलंय. डॉक्टरांनी बजावलंय, माउसला जितका कमी हात लावाल तितकं बरं. म्हणून मी चौकट शॉर्टकटवर बसवली होती. कंट्रोल, ऑल्ट आणि के. तीन बोटं दाबली की चौकट हजर.

तर मी तणतणत सेटिंगची खिडकी उघडली. तिथे डावीकडे आज्ञांची यादी असते. हवी ती आज्ञा निवडायची, मग शेजारच्या रकान्यात हवी ती बटणं दाबायची. ती बटणं आधीच कुठल्या कामाला लावलेली असतील, तर खाली बारीक अक्षरांत त्या कामाचं नाव येतं. नसतील तर 'अनअसाइन्ड' असं येतं. सगळं इंग्रजीत. मशीन कोरं होतं, त्यामुळे प्रत्येक वेळी 'अनअसाइन्ड' येत होतं.

मी कंट्रोल, ऑल्ट आणि के दाबलं.

खाली अक्षरं आली, 'हाक'.

देवनागरीत. एवढा एकच शब्द.

दुकानवाल्याने काहीतरी चाचणी करून तसंच ठेवलं असेल, असं म्हणत मी त्याच्यावर माझी चौकट बसवली, खिडकी बंद केली आणि कामाला लागले.

२

मिक्सरची पुस्तिका होती. पहिला इशारा आला, बोटं आपोआप गेली. चौकट काही आली नाही.

पण आतून आवाज आला. "आले हं."

बाईचा आवाज. साधा, प्रसन्न म्हणावा असा. आपण कुणाला हाक मारावी आणि तिने हातातलं काम न सोडता ओ द्यावी, तसा.

आमचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. माझं टेबल आणि समोर पेन्सिलचं. पेन्सिल म्हणजे आमचा चित्रकार. मिक्सरचं झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं त्याचे बाण काढणारा, उंच, काटकुळा, डोक्यावर थोडेसेच केस, म्हणून पेन्सिल. हे नाव त्याचं त्यानेच ठेवून घेतलंय. माझ्या पाठीमागे एक उंच लोखंडी कपाट, कपाटामागे अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला नमुन्यांची खोली. कंपन्या पुस्तिका लिहायला पाठवतात ती उपकरणं तिथे पडलेली असतात. त्या खोलीला दुसरं दार नाही. खिडकी आहे, तिला जाळी आहे.

मला वाटलं, झाडलोट करणाऱ्या मावशी असतील. मी ओरडले, "मावशी, बोलावलं नाही हो!"

पेन्सिलने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "मावशी कधीच गेल्या, ताई. कुणाशी बोलताय?"

"या मशीनशी," मी म्हटलं. आणि खरं सांगते, तेव्हा माझा जीव आवाजात नव्हता, चौकटीत होता. इतकं सगळं करून ती आली नव्हती याचाच संताप झाला होता.

३

पुन्हा सेटिंग उघडलं. 'हाक' जागच्या जागी. काढून टाकलं, चौकट बसवली, सेव्ह केलं. बंद करून उघडलं, 'हाक'. सगळं मूळपदावर आणायचं बटण दाबलं, तर एवढा वेळ बसवलेले माझे बाकीचे शॉर्टकट तेवढे गेले आणि 'हाक' राहिली. मी टेबलावर मूठ आपटली, ती नेमकी दुखऱ्या हाताची.

साहेबांनी मशीनवाल्याला बोलावलं. तो आला, बसला, त्याने माझ्यासमोर कंट्रोल, ऑल्ट आणि के दाबलं, आणि चौकट आली! लाल कडेची, त्रिकोणासकट. पुन्हा दाबलं, पुन्हा आली.

"चालतंय की, मॅडम."

"सेटिंगमध्ये बघा काय लिहिलंय."

त्याने बघितलं. जिथे 'हाक' होती तिथे माझ्या चौकटीचं नाव होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. दुरुस्तीला आलेली माणसं बाईमाणसाकडे ज्या नजरेने पाहतात ती नजर मी चांगली ओळखते. "एकदम दाबा तिन्ही. एकेक करून दाबता तुम्ही." एवढं शिकवून तो चहा पिऊन गेला.

मी तिन्ही एकदम दाबली.

"आले, आले."

आता त्यात किंचित घाई होती. आणि आवाज नमुन्यांच्या खोलीतून आला नव्हता. बोळातून आला होता.

मी मागे वळून पाहिलं. कपाट, आणि कपाटाच्या कडेला बोळाची अंधारी फट. फटीत काही नव्हतं. मी मनाशी म्हटलं, वरच्या मजल्यावर कुणी राहायला आलं असेल, पाइपातून आवाज उतरतो. जुन्या इमारतीत पाइप काय काय बोलतात. मग आठवलं, वर गच्ची आहे.

४

त्या संध्याकाळी घरी मी कांदा चिरत होते. न्हाणीघरातून मुलगी ओरडली, "आई, टॉवेल!"

मी म्हटलं, "आले हं."

आणि सुरी हातातच थांबली. आवाज माझा नव्हता तो, ऑफिसातला. पण सूर हाच होता, तंतोतंत. एक हात कामात, अर्धं लक्ष हाकेकडे.

"आई! किती वेळ!"

"आले म्हटलं ना!" मी खेकसले, टॉवेल दिला, आणि बराच वेळ न्हाणीघराच्या बंद दाराला टेकून उभी राहिले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मनगट." ह्यांचं मत पडलं की कीबोर्डच बदलावा. या जगात प्रत्येक माणसाला माझ्या कीबोर्डबद्दल मत आहे.

५

दाबायचं नाही, असं ठरवून आले होते. पण बोटांना कोण समजावणार? इतक्या वर्षांची सवय. डोकं वाक्य जुळवत असतं आणि बोटं पुढच्या चौकटीपाशी जाऊन उभी असतात. मी के या बटणाचं टोपण नखाने उचकटून काढलं आणि खणात टाकलं. तर बोट खालच्या रबरी बोंडावर बरोबर जाऊन पडलं.

"आले म्हटलं ना!"

वैताग होता आता. स्पष्ट वैताग. आणि आवाज कपाटाच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे मी हात लांब केला असता तर कपाटाच्या पत्र्याला लागला असता, इतक्या अंतरावर.

मी उठून पेन्सिलच्या टेबलापाशी गेले आणि त्याच्या कानांवरचा हेडफोन सरळ ओढून काढला.

"काय, ताई!"

"गप बस आणि ऐक." मी परत येऊन तिन्ही बटणं दाबली.

या वेळी शब्द आले नाहीत. नुसता एक सुस्कारा. काम अर्धवट टाकून उठताना आपण सोडतो तसा.

पेन्सिलच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "कोण आहे आत?"

त्याने ऐकलं, याचा मला आधी आनंदच झाला. मी वेडी नव्हते.

आम्ही दोघं बोळातून गेलो. नमुन्यांच्या खोलीचं दार खाली घासतं, उचलून ढकलावं लागतं. पेन्सिलने ढकललं. फळ्यांवर मिक्सर, कोपऱ्यात हीटर, मधल्या टेबलावर गेल्या महिन्यात आलेली इस्त्री. खोलीत कुणी नव्हतं. टेबलाखाली, दारामागे, कुठेच नव्हतं. पेन्सिलने सहज इस्त्रीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"गरम आहे."

मी वायर बघितली. कारखान्यातून आली तशीच, कागदी पट्टी लावून गुंडाळलेली होती. पट्टी फाडलेलीसुद्धा नव्हती. आणि टेबलावर एक पांढरं कापड होतं, निम्मं कडक इस्त्रीचं, निम्मं चुरगळलेलं.

"कुणाचं आहे हे?" पेन्सिलने विचारलं. आम्ही दार ओढून घेतलं.

६

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मिक्सरची पुस्तिका शुक्रवारी छापायला जायचीय." मी म्हटलं, "साहेब, इस्त्री गरम होती." ते म्हणाले, "मग बंद करायची." एवढं बोलून फोन कानाला लावून ते जिना उतरले.

मी माउस हातात घेतला. मेन्यूत शिरा, खाली उतरा, उजवीकडे सरका. दुपारपर्यंत मनगट पावासारखं सुजलं. कीबोर्ड मी टेबलाच्या पार टोकाला सरकवून ठेवला होता आणि एकेक अक्षर टाइप करायला हात लांब करत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, दुखण्याने की रागाने कोण जाणे.

पेन्सिलला ते बघवेना. तो स्वभावाने भला होता. कुणाचं काही अडलं की स्वतःचं काम टाकून उठायचा. आणि मला वाटतं, एका सुस्काऱ्याला घाबरल्याची त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. तो येऊन म्हणाला, "उठा, ताई. असं घाबरून बसलं की चालायचं नाही. काय सोक्षमोक्ष लागायचा तो लागू दे."

"नको रे. मशीनवाल्याला परत बोलावू."

"तो येणार, तुम्हालाच शिकवून जाणार. उठा."

मी उठले. माझ्या खुर्चीवर तो बसला. मी टेबलाच्या कडेला उभी राहिले, त्यामुळे कपाट माझ्या समोर आलं आणि त्याच्या पाठीमागे. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी शिडी ओढत नेत होतं, तिचा खरखर आवाज येत होता.

पेन्सिलने बटणं दाबली. काहीच झालं नाही, म्हणून पुन्हा दाबली. मग लिफ्ट येत नाही म्हणून माणसं बटण दाबत सुटतात तशी दाबत सुटला.

"पुरे," मी म्हटलं.

"आले ना! किती हाका मारशील?"

कपाटाच्या कडेलाच. शिडीचा आवाज थांबला होता, किंवा मला तरी ऐकू येईनासा झाला.

आणि पेन्सिलने उत्तर दिलं. मान न वळवता, पडद्याकडे बघत. मला वाटतं, विचार करून दिलंच नाही. घरी बायको आतून ओरडली की आपण बोलतो, तसं तोंडातून गेलं, "काही नाही गं, राहू दे."

कपाटाच्या कडेमागून एक हात दिसला. फडक्याला पुसत होता. ओला हात कोरडा करतो तसा, निवांत, एकेक बोट. फडकं पांढरं होतं. साधा, कामाचा, बाईचा हात.

फक्त तो कपाटाच्या माथ्याजवळ होता. मी खुर्चीवर उभी राहिले तरी माझा हात पोचत नाही तिथे.

"आता आलेय ना," आवाज खालच्या पट्टीत म्हणाला. त्यातला वैताग पार गेला होता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. "मग तूच चल."

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं. पेन्सिलने 'काय कटकट आहे' अशा थाटात मान हलवली, हेडफोन गळ्यातून काढून माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि उठला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. जेवायला बोलावल्यावर हातातलं काम नाइलाजाने सोडणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. वळून तो कपाटामागे गेला. दार उचलल्याचा आवाज आला, घासल्याचा आला, मिटल्याचा आला.

तेव्हा कुठे मी धावले. दार उघडलं.

मिक्सर, हीटर, इस्त्री. जाळीतून ऊन टेबलावर पडलं होतं. पांढरं कापड तिथे नव्हतं.

७

पोलीस आले. भिंती ठोकून पाहिल्या, जाळी हलवून पाहिली. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात पेन्सिल सकाळी आत जाताना दिसत होता, बाहेर पडताना नाही. मला पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, मी तेच सांगत होते, आणि लिहून घेणारा हवालदार दर वेळी हाताच्या गोष्टीपाशी लिहायचं थांबत होता. शेवटी त्यांनी पेन्सिलला घरी काही ताण होता का, अशी चौकशी सुरू केली. मशीन घेऊन गेले आणि परत पाठवलं. त्यात काहीही सापडलं नाही. साहेबांनी दुसऱ्या भागात जागा घेतली आणि मला निरोप दिला की ताई, तब्येत सांभाळा, घाई नाही. मी गेले नाही. मला आता कुठलाच कीबोर्ड नको होता.

जुनी जागा रिकामी करायच्या दिवशी मात्र जावं लागलं. वहिनी, म्हणजे पेन्सिलची बायको, त्याचं सामान न्यायला येणार होती, आणि तिला एकटीला तिथे सोडणं मला पटेना. ती आली. त्याचे ब्रश, चहाचा कप, पाठ दुखायची म्हणून खुर्चीला बांधलेली उशी, सगळं तिने पिशवीत भरलं. रडली नाही. ती चिडलेली होती. सगळ्या जगावर, आणि सर्वांत जास्त त्याच्यावर.

"घरी कधी एका हाकेत आला नाही हा माणूस," ती म्हणाली. "ताट वाढून बसायचं आणि हाका मारत राहायचं. आणि इथे कोण कुठली ती, तिने म्हटलं आणि गेला उठून?"

मी काही बोलायच्या आत ती कपाटामागे गेली होती. मी मागोमाग धावले. बोळात उभी राहून त्या बंद दारासमोर तिने, घरी मारायची तशीच, जोरात हाक मारली. "अहो!"

दारापलीकडे, खूप लांबून, त्या खोलीत मावणारच नाही इतक्या लांबून, पेन्सिल म्हणाला, "आलो गं."

वहिनीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी तिचा दंड धरला. तिने झटकला. "येतो म्हणालाय ना ताई! ऐकलंत ना तुम्ही?"

मी ऐकलं होतं.

८

आता ती जागा बंद आहे. मालकाला भाडेकरू मिळत नाही. त्याने वहिनीची दया येऊन तिला किल्ली दिलीय. ती रोज दुपारी घरचं आवरून जाते, बोळात स्टूल टाकून बसते. मी आठवड्यातून एकदोनदा चहा घेऊन जाते, पण बोळात पाऊल टाकत नाही. तीच बाहेर येऊन पायरीवर माझ्याशेजारी बसते. मी तिला सगळं सांगून झालंय. आवाज कसा आधी गोड होता, मग घाईचा, मग वैतागलेला, आणि दर वेळी कसा जवळ आला. ती ऐकून घेते.

परवा तिने चहा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ प्यायलाच नाही. मी विचारलं, "आवाज येतो का?"

"येतो. आता खोलीतूनच येतो." मग जरा थांबून म्हणाली, "कालपासून चिडून बोलतोय. म्हणतो, आलो म्हटलं ना."

मी तिचा हात घट्ट धरला, दुखऱ्या मनगटाची पर्वा न करता. "वहिनी, ऐका माझं. उद्यापासून हाक मारायची नाही. एकदासुद्धा नाही. किल्ली इकडे द्या."

तिने किल्ली दिली नाही. माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे लाल होते, पण ती घाबरलेली नव्हती. तिला सगळं कळत होतं. माझ्याइतकंच, कदाचित जास्तच.

"बरं, नाही मारत," ती म्हणाली. "मग तुम्हीच सांगा, ताई. मी दिवसभर करू काय?"

चहा निवेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. मग ती उठली, साडी झटकली, आणि आत गेली.